रात्रपाळीला कोण असतं?

नागपूरच्या एका टोकाला असलेल्या त्या केंद्रात दोघे भाऊ सकाळी अकराला पोचले, तेव्हा फरशी नुकतीच पुसून झाली होती. व्हरांड्यात सात-आठ म्हातारी माणसं ओळीने खुर्च्यांवर बसलेली, केस विंचरलेले, तोंडाला पावडर. टीव्हीवर कीर्तन चालू. मॅनेजरने चहा मागवला, सीसीटीव्हीचा पडदा दाखवला, बाग दाखवली, व्यायामाची सायकल दाखवली. थोरल्याने विचारलं, "डिमेन्शियाचे पेशंट ठेवता ना?"

"इथे सगळे तेच आहेत, सर."

पाऊण तासात साठ हजार अनामत भरून झाली.

थोरला म्हणजे मोठीआईचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा. धाकटा त्याचा चुलतभाऊ, गोंदियात राहणारा, मोठीआईचा, म्हणजे थोरल्या काकूचा, पुतण्या. हा पुतण्या म्हणजेच प्रस्तुत लेखक. पण गोष्ट मोठीआईची आहे आणि चूक दोघांची, तेव्हा सारखं 'मी, मी' करण्यापेक्षा त्याला यापुढेही पुतण्याच म्हटलेलं बरं. आपला मूर्खपणा तिऱ्हाईताचा म्हणून सांगितला की जरा नीट दिसतो.

मोठीआईचं गाव आमगाव तालुक्यात. नवरा गेल्यावर पंधरा-सोळा वर्षं तिने चार एकर धानाची शेती मजूर लावून एकटीने ओढली. पंचाहत्तरीच्या सुमाराला ती एकच गोष्ट दिवसातून दहादा विचारायला लागली. मग दूध उतू जाऊ लागलं, मग नातवाला दिराच्या नावाने हाक मारणं सुरू झालं. गावात याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय तिथेच संपवतात. कुणी बाहेरचं लागलं असं सुचवलं, एक उताराही झाला. हे दुखणं आहे हे घरच्यांना कळलं ते आषाढात. पहाटे चारला ती रोवणीला निघाली आणि शेजाऱ्याला पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी असलेली सापडली. ती बांधी तिने सहा वर्षांपूर्वी विकलेली होती.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे तपासण्यांसाठी नागपूर गाठावं लागलं नाही. रक्तातलं बी-12, थायरॉइड, मेंदूचा सीटी स्कॅन. या तपासण्या डॉक्टर उगाच लिहून देत नाहीत. बी-12 कमी पडलं, थायरॉइड मंदावलं, पडल्यावर डोक्यात रक्त साकळलं किंवा मन खचलं, तरी माणूस विसरभोळा होतो आणि वेळेत लक्षात आलं तर त्यातला बराचसा भाग बरा होतो. मोठीआईच्या कागदांत असलं काही निघालं नाही. अल्झायमर, डॉक्टर म्हणाले, आणि पुढे जे म्हणाले ते ऐकून घ्यायला कुणाला धीर नव्हता: हे वाढत जाणार, आज ती पाहुण्यासारखी आहे, दोन वर्षांनी तान्ह्या लेकरासारखी होईल.

ही एकट्या मोठीआईची गोष्ट असती तर लिहायचं कारण नव्हतं. देशभरातल्या ज्येष्ठांची पाहणी करून 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सात ते आठ जणांना स्मृतिभ्रंश असल्याचं आढळलं. नेमका आकडा 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 13 लाख 22 हजार होती आणि राज्यात तेव्हा शंभरातली जवळजवळ दहा माणसं साठी ओलांडलेली होती. पाटीवरचा हिशेब केला तरी आठ तालुक्यांत मिळून अशी साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं निघतात. ती दिसत नाहीत, कारण ती घरात आहेत, कडी लावलेल्या खोलीत आहेत, किंवा एका सुनेच्या नजरेखाली आहेत जिने दोन वर्षांत माहेर पाहिलेलं नाही.

मोठीआईला सून होती, पण पुण्यात आणि नोकरीवाली. गावात ठेवलेल्या बाईने तिसऱ्या महिन्यात हात टेकले. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मोठीआई सहा दिवस राहिली, आणि सातव्या दिवशी लिफ्टमध्ये अडकल्यावर तिने जो आकांत केला त्याने सोसायटी गोळा झाली. तेव्हा कुठे 'कुठेतरी ठेवावं का' हा शब्द घरात निघाला. तोही हलक्या आवाजात.

आता शोधायचं काय? गोंदियात 'नर्सिंग होम' कुठे आहे असं विचारलं तर रिक्षावाला बाळंतपणाच्या दवाखान्यापुढे नेऊन उतरवेल, आणि त्याचं चुकणार नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचा खाजगी दवाखाना. 1949 चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदाही त्यांच्यासाठी. त्याखाली नोंदणी होते, तीन वर्षांनी नव्याने करावी लागते, 2021 साली त्याचे नियम जास्त कडक झाले. म्हातारी माणसं सांभाळणारी ठिकाणं वेगळ्याच पाट्या लावून बसलेली असतात: वृद्धाश्रम, केअर सेंटर, सेवासदन, पुनर्वसन केंद्र. वृद्धाश्रम बहुतेक धर्मादाय न्यासांचे, आणि त्यांच्या अर्जावर ठळक अक्षरांत असतं की राहणारा स्वतःची कामं स्वतः करणारा हवा. म्हणजे मोठीआई तिथे पहिल्याच ओळीत बाद. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक आश्रम काढण्याची तरतूद आहे, पण तीही निराधारांसाठी, आणि तिथे स्मृतिभ्रंशाचा वेगळा विचार नाही. राहता राहिली ती खाजगी केंद्रं, ज्यांच्या जाहिराती फोनवर आपोआप येऊ लागतात.

अशाच जाहिरातीतून नागपूरचं ते केंद्र सापडलं. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक सरकारी शिक्क्याचा कागद लावलेला होता. पुतण्याने तो लांबून पाहिला आणि त्याला बरं वाटलं. दीड महिन्याने जवळ जाऊन वाचला तेव्हा तो गुमास्ता परवाना निघाला, किराणा दुकानाला लागतो तोच.

पहिले पाच आठवडे सगळं फोनवरच. रोज संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल, केंद्रानेच ठरवलेली वेळ. मोठीआई पडद्यावर दिसायची, मान थोडी कललेली, डोळे जड. "आत्ताच जेवून झोपल्या होत्या," असं सांगितलं जायचं. संध्याकाळी पाचला कसलं जेवण, हे कुणी विचारलं नाही. तिकडे मुलगा म्हणायचा, शांत झाली आहे. घरी रात्र-रात्र येरझाऱ्या घालणारी बाई शांत झाली म्हटल्यावर सगळ्यांनाच झोप लागू लागली होती.

अडतिसाव्या दिवशी पुतण्या कोर्टाच्या कामासाठी नागपुरात होता. काम लांबलं, गोंदियाची गाडी उशिरा होती, हाताशी तीन तास होते. न कळवता तो केंद्रावर गेला. पावणेनऊ वाजले होते.

लोखंडी जाळीला आतून कुलूप. बऱ्याच हाका मारल्यावर विशीतला एक पोरगा उठून आला. बावीस माणसांवर तो एकटाच होता. सकाळपासूनची ड्युटी, बदली आलेला नव्हता, म्हणून डबल. त्याला मराठी समजत होतं, बोलता येत नव्हतं. आत अंधार आणि लघवीचा उग्र वास, वर फिनाईलचा. मोठीआई खाटेवर एका कुशीला होती आणि तिचा उजवा हात ओढणीने खाटेच्या दांडीला बांधलेला होता. गाठ नीट मारलेली, सुटणार नाही अशी. रोजच्या सवयीच्या हाताची गाठ. ती पुटपुटत होती, "धुरा फुटला, बाप्पा. धुरा फुटला."

"रोज रात्री असंच बोलते," पोरगा हिंदीत म्हणाला. "काही समजत नाही. मग गोळी द्यावी लागते."

पुतण्याने पांघरूण बाजूला केलं. खालची चादर ओलीचिंब होती. आयुष्यभर धानाच्या बांध्यांत पाणी राखलेली बाई, बांध फुटून पाणी वाहिलं हे तिच्या भाषेत जसं सांगता येईल तसं 38 रात्री सांगत होती.

टेबलावर औषधाचा चार्ट होता. झोपेच्या गोळीपुढे डॉक्टरने 'एसओएस' लिहिलेलं, म्हणजे फार गरज पडली तरच. त्याखालच्या चौकोनांत रोज बरोबरची खूण होती, एकही दिवस न चुकता. माकडहाडाच्या जागी कातडी लाल होऊन सोलायला लागली होती. दोन दिवसांनी वजन केलं, ते पाच किलोंनी उतरलेलं निघालं.

त्या पोरावर पुतण्याला राग काढता आला नाही. केंद्राचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते लिहून एका केंद्राची पाटी बदलेल, आणि रात्रपाळीत पुन्हा तोच पोरगा असेल. अनामत? तिचे पंचवीस हजार परत आले, सहा महिन्यांनी.

पुढे वकिलांकडे आणि डॉक्टरांकडे चकरा मारताना पुतण्याला जे कळलं ते अनामत भरण्याआधी कळायला हवं होतं. पहिली गोष्ट म्हणजे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा. स्मरण आणि स्थळकाळाचं भान बिघडवून माणसाचा विवेक हिरावणारा आजार या कायद्याच्या व्याख्येत बसतो, आणि अशा माणसांना ठेवून घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. 'तुमची ही नोंदणी आहे का' हा प्रश्न विचारल्यावर मॅनेजरचा चेहरा कसा होतो, ते पाहण्यासारखं असतं.

याच कायद्याच्या कलम 95 ने माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला मनाई केली आहे. त्यामागे 2001 च्या ऑगस्टमधली तामिळनाडूतल्या एरवाडीची आग आहे. तिथे साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून जास्त मनोरुग्ण जागचे हलू न शकल्यामुळे होरपळून मेले. कलम 97 ओढणीबद्दल आहे, म्हणजे ओढणी हा शब्द त्यात नसला तरी. जखडून ठेवणं हे फक्त समोर उभा राहिलेला धोका टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हा, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही. आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणासाठी तर मुळीच नाही, हे कायद्याने वेगळं लिहून ठेवलं आहे. नोंद करायची, आणि रुग्णाने किंवा कायद्याने नेमलेल्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं. मोठीआईच्या घरी 38 दिवसांत असा एकही फोन आला नव्हता.

गोळ्यांचंही तसंच. भ्रम, आक्रस्ताळेपणा आवरायला जी औषधं देतात, त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 सालीच छापायला लावला. याचा अर्थ ती कधीच द्यायची नाहीत असा नाही. काही वेळा द्यावीच लागतात, आणि घरच्या माणसांनी परस्पर बंद केली तर नवीनच गोंधळ होतो. पण कोणती गोळी, कुणी लिहून दिली, किती दिवसांसाठी, पुन्हा तपासणार कधी, आणि आजवरच्या चार्टवर एसओएस पुढे किती खुणा आहेत, एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. माणूस एकाएकी जास्त बरळू लागला तर गोळी वाढवण्याआधी लघवीची तपासणी झाली का, हेही विचारावं. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीतल्या साध्या जंतुसंसर्गानेही डोकं पार फिरू शकतं.

मोठीआईला गोंदियात आणून महिनाभर जखम भरू दिली आणि मग दुसरा शोध सुरू झाला. या खेपेला पुतण्याबरोबर पुण्याची वहिनी होती, आणि खरं सांगायचं तर ती नसती तर हा लेखही नसता. भाऊ इमारती बघत होते. वहिनी हात बघत होती. ज्या खोलीत जाईल तिथे ती राहणाऱ्यांच्या बोटांची नखं बघायची, ओठ सुकलेत का बघायची, मनगटं बघायची, आणि एखाद्या आजीच्या चादरीखाली सहज हात घालून कोरडी आहे का पाहायची. एका ठिकाणी याला हरकत घेतली गेली. तिने तिथूनच पर्स उचलली.

पाच ठिकाणी ते गेले, सगळीकडे न कळवता, सगळीकडे संध्याकाळी सातनंतर. ही वेळ त्या पावणेनऊच्या भेटीने शिकवली. स्मृतिभ्रंशाची माणसं दिवस कलला की बिथरतात, उठतात, दार शोधतात, 'घरी जायचं' म्हणतात, आणि नेमकी त्याच वेळी दिवसपाळीची माणसं घरी गेलेली असतात. दोन ठिकाणी फाटकातूनच परत पाठवलं: भेटीची वेळ दहा ते बारा. त्यांच्याकडेही कदाचित सगळं ठीक असेल. पण रात्री आईला न दाखवणाऱ्या ठिकाणी आई ठेवायची नाही, एवढं या घराने ठरवलं होतं.

रात्री किती माणसं, हा प्रश्न त्यांनी मॅनेजरला विचारला नाही. कामावरच्या बाईला विचारला, 'ताई, काल रात्री कोण होतं?' असा. मॅनेजर नेहमी मंजूर संख्या सांगतो, आया कालची सांगते. आणखी एक प्रश्न वहिनीचा: तुम्ही इथे किती दिवस आहात? जिथे तिघींपैकी तिघी दोन-दोन महिन्यांच्या होत्या, ते ठिकाण तिने खोडून टाकलं. कुलपाची किल्ली कुणाकडे, आग लागली तर न चालणाऱ्यांना कोण उचलणार, रात्री दोनला श्वास लागला तर कोणत्या दवाखान्यात आणि बरोबर कोण जाणार, हेही तिने विचारलं. एका मॅनेजरने यावर 'बघू ना, मॅडम' असं उत्तर दिलं.

चौथं ठिकाण नागपूर–भंडारा रस्त्याच्या आतल्या बाजूला होतं. जुनं घर, बाग नाही, व्यायामाची सायकल नाही. पाट्यांऐवजी प्रत्येक दारावर वेगळ्या रंगाचं कापड, म्हणजे आपली खोली रंगाने ओळखू येते. न्हाणीघराचं दार खाटेवरून दिसतं, आणि रात्रभर तिथे दिवा. सोळा माणसं, रात्री दोघी बाया आणि एक मामा. त्यातली एक बाई पवनीकडची, झाडीतली. ती एका आजोबांना पेज भरवत होती, चमचा रिकामा करून पुढचा घास द्यायच्या आधी त्यांचा गळा हलला का ते बघत होती. घास गिळायला विसरणाऱ्या माणसाला घाईने भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि पुढे निमोनिया. हे तिला कुणी शिकवलं, तिच्या सासूने की आणखी कुणी, कोण जाणे. महाराष्ट्राने 'अस्तु' हा सिनेमा पाहिला आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्यात अल्झायमर झालेले संस्कृत पंडित हत्तीमागून निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना सांभाळते. आजाराचं नाव तिला ठाऊक नसतं. पवनीच्या बाईला पाहून वहिनीला तो सिनेमा आठवला. पुतण्याला मात्र नोंदवही आठवली, म्हणून त्याने ती मागितली. कुशी बदलल्याच्या वेळा दर दोन तासांनी लिहिलेल्या होत्या, अक्षर वेगवेगळं, शाई वेगवेगळी. एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली वही कशी दिसते ते त्याने पहिल्या केंद्रात पाहिलं होतं.

बोलीचा मुद्दा अशा वेळी कुणी काढत नाही, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात तो काढलाच पाहिजे. हा आजार पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी खातो. आयुष्यभर बाजारात हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी बोललेला माणूस शेवटी पोवारीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत उतरतो, आणि नागपूरच्या सिस्टरला वाटतं तो बरळतो आहे. जेवणाचंही तेच. झाडीपट्टीतलं माणूस भातावर वाढलेलं. त्याच्यापुढे दोन्ही वेळा चपाती ठेवली आणि त्याने ढकलून दिली, तर चार्टवर 'अन्न नाकारतो' असं लिहिलं जातं. म्हणून वहिनीने एक कागद लिहिला, दोन्ही बाजूंनी. मोठीआई कशाला काय म्हणते, पदर डोक्यावर नसेल तर ती अस्वस्थ होते, आंघोळ पहाटे हवी आणि पाणी अंगावर एकदम ओतलेलं चालत नाही, पुरुषाच्या हातून कपडे बदलू देत नाही, सकाळी पेज, रात्री मऊ भात, वरण पातळ, नवऱ्याचं नाव काढलं तर रडते, धानाचं बोललं की खुलते. आणि शेवटची ओळ: 'धुरा फुटला म्हणाली की चादर बघावी.' पवनीच्या बाईने तो कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवला. शेवटच्या ओळीची तिला गरज नव्हती म्हणा.

करारनाम्याचं थोडक्यात. अनामत किती दिवसांत परत, महिन्याच्या मध्ये माणूस नेला तर काय, डायपर, औषधं, दवाखान्याची गाडी कुणाच्या खर्चाने, आणि कोणत्या कारणाने केंद्र माणसाला 'घेऊन जा' म्हणू शकतं. हे शेवटचं कलम वाचल्याशिवाय सही करू नये. आजार वाढला की घेऊन जा, असं एका छापील करारात होतं. आजार तर वाढणारच आहे.

पैशांच्या कागदांना मात्र उशीर करू नये, आणि इथे भल्याभल्यांची फसगत होते. आईने मुलाला करून दिलेलं साधं मुखत्यारपत्र आईचं भान गेल्यावर कायद्याने चालत नाही. करारांच्या कायद्याचं कलम 201 तसं सांगतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, त्याच दिवशी ते निकामी. मग खातं, शेत, घर यांसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. 2017 च्या कायद्यात, भान शाबूत असताना आपला प्रतिनिधी नेमून ठेवायची आणि आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवायची सोय आहे. ती आजाराच्या सुरुवातीलाच वापरावी. कोण ठरवणार हे ठरलेलं नसलं तर काय होतं, ते जॉर्ज फर्नांडिस यांच्या बाबतीत देशाने पाहिलं. एका हाकेसरशी मुंबई बंद करणाऱ्या या कामगार नेत्याला अल्झायमर झाला, आणि त्यांनी कुणाजवळ राहावं, त्यांना कुणी भेटावं हा पत्नी, भाऊ आणि जुन्या सहकारी यांच्यातला वाद 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला. 2019 च्या जानेवारीत ते गेले.

केंद्रात ठेवणं हाच एक रस्ता आहे असं कुणी समजू नये. गोव्यात दोन तालुक्यांतल्या 81 कुटुंबांवर एक प्रयोग झाला आणि 2008 साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच, डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. त्यांनी आजार समजावून सांगितला, बिथरलेल्या माणसाशी कसं बोलावं ते दाखवलं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेतलं. रुग्णांत मोठा फरक पडला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्ट कमी झाला. असं कुणी आमगावात दर पंधरा दिवसांनी येत असतं, तर मोठीआई कदाचित घरीच राहिली असती. येत नव्हतं.

चौथ्या ठिकाणी मोठीआई एकोणीस महिने राहिली. पुतण्या महिन्यातून दोनदा जायचा, कधी सकाळी, कधी रात्री, कधी सलग दोन दिवस. जवळचं ठिकाण निवडण्याचं कारण तेच. गोंदियाहून नागपूर रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर आहे. पुण्याचं झकास केंद्र निवडलं असतं तर वर्षातून दोनदा गेला असता, तेही कळवून. शेवटी निमोनियाच झाला. दवाखान्यात नेताना पवनीची बाई गाडीत बरोबर होती, आणि तिला त्याचे वेगळे पैसे नव्हते.

तुमच्या घरात असा शोध चालू असेल, तर अकराच्या भेटीला नाही म्हणू नका, चहा प्या, बाग पाहा. पण सही करू नका. त्याच दिवशी रात्री आठला परत जा. आणि एखाद्या ठिकाणी बांधलेला हात दिसला, मार दिसला, उपासमार दिसली, तर फोटो काढा, चार्टचा फोटो काढा, माणूस आधी बाहेर काढा आणि मग तक्रार करा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानस, 14416. सांभाळून थकलेल्या माणसानेही या नंबरवर बोलायला हरकत नाही. पहिला नंबर सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. दुसरा रात्रीही लागतो.